टॅगवर कर वेगळा लिहावा की किमतीतच धरावा?

अमळनेरच्या एका रेडिमेडवाल्या भाऊंनी विचारलंय. मुलगा दोन वर्षं अमेरिकेत राहून परत आला, आता दुकानात बसतो. तिकडे रॅकवर एक किंमत असते आणि काउंटरवर त्यापेक्षा जास्त द्यावे लागतात, कारण सेल्स टॅक्स शेवटी जोडतात. आपणही तसंच करू, १,०५० च्या जागी टॅगवर १,००० दिसतील, गिऱ्हाईक आत शिरेल, जीएसटी बिलात लावू, असं मुलाचं म्हणणं. वडिलांना ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना मुलाला समजावता येत नाही. कायद्याने हे चालतं का, आणि चालत असेल तर करावं का, हा प्रश्न.

मी जळगावात विक्रीकराच्या जमान्यापासून व्यापाऱ्यांची वह्या-बिलं बघत आलोय, तेव्हा उत्तर आधी देतो, कारणं मागून. कंपनीने एमआरपी छापलेल्या मालावर वरून कर लावता येत नाही, विषय संपला. एमआरपीच्या आत तुम्ही स्वतःचा भाव लावला, शेजारी 'कर वेगळा' असं ठळक लिहिलं आणि करासकट बेरीज एमआरपीच्या पुढे गेली नाही, तर कायदा थेट आडवा येत नाही. तरीही करू नका. आणि भाऊ, तुमच्या दुकानात खरी अडचण दुसरीच आहे, अडीच हजारांच्या आसपासच्या कपड्यांची. ती तुम्ही विचारली नाही, पण मी सांगणार आहे.

मुलगा हवेत बोलत नाहीये, हे आधी मान्य करू. राज चेट्टी, अ‍ॅडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या किराणा दुकानात तीन आठवडे प्रयोग केला. तिथे कर होता ७.३७५ टक्के. काही मालाच्या टॅगवर त्यांनी करासहित किंमतही लिहून लावली. बाकी कशाला हात लावला नाही, काउंटरवर द्यायचे पैसे पूर्वी होते तेवढेच. तरी त्या मालाची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी उतरली. २००९ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. कर भरावा लागतो हे त्या बायाबापड्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण समोर लिहिलेला नसला की हात सैल सुटतो.

पण तिथे ही पद्धत पडली त्याला कारण आहे. अमेरिकेत सेल्स टॅक्स दिल्लीसारख्या एका ठिकाणाहून ठरत नाही. ४५ राज्यं आपापला कर लावतात, त्यावर कुठे काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, आपला तुकडा टाकते, कुठे शहर. पाच राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्सच नाही. ऑरेगनमधल्या पोर्टलँडला काही घेतलं तर कर शून्य, कोलंबिया नदीचा पूल ओलांडून वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला गेलात की कर सुरू. एकच जाहिरात दहा गावांत छापायची असेल तर करासहित किंमत छापणार कशी? म्हणून तिथे कर बिलात गेला.

आपल्याकडे नवापूरचं स्टेशन आठवा. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. जीएसटीआधी राज्यांचा वॅट होता तोवर फलाटाच्या दोन टोकांना दोन सरकारांचे दर होते. १ जुलै २०१७ नंतर ज्या शर्टावर नवापूरला ५ टक्के, त्यावर सुरतेलाही ५ आणि बऱ्हाणपूरलाही ५. अमेरिकेतल्या दुकानदाराची जी अडचण आहे ती तुम्हाला नाहीच, मग त्याची सवय कशाला उचलायची? जपानने तर १ एप्रिल २०२१ पासून करासहित एकूण किंमत दाखवणं पुन्हा सक्तीचं केलं. युरोपातही गिऱ्हाइकाला दाखवायचा भाव म्हणजे सगळा कर धरून शेवटचा भाव.

आपण या रस्त्याने आधी जाऊन आलोय. १९९० पर्यंत पाकिटांवर 'स्थानिक कर वेगळे' असं छापलेलं चालायचं. मग दुकानदार त्या 'वेगळे'मध्ये काय वाटेल ते भरायचा, आणि गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता की यातलं सरकारात किती गेलं आणि गल्ल्यात किती. तेव्हा नियम बदलला आणि 'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' आली. आज वैधमापन कायदा २००९ चा आणि आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंचे नियम २०११ चे आहेत. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही आणि छापलेली किंमत खोडता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वेगळाच. त्यात तक्रारीला जी कारणं दिलीत त्यात मालावर लावलेल्या किमतीपेक्षा किंवा दुकानात टांगलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त पैसे घेणं हे सरळ लिहिलेलं आहे. 'फ्लॅट ४० टक्के सूट' अशी पाटी लावून सूट दिलेल्या किमतीवर वरून वॅट लावल्याचं एक प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेलं होतं. २०१७ मध्ये आयोगाने ती अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. एमआरपीत कर आधीच धरलेला असतो, तेव्हा त्यावरची सूटही करासहितच. कर आता वॅटऐवजी जीएसटी झाला, मुद्दा तोच. दिवाळीच्या सेलमध्ये तुमचा मुलगा अशी पाटी लावणार असेल तर हा परिच्छेद त्याला आधी वाचायला द्या.

कायदा राहू द्या बाजूला. आपलं गिऱ्हाईक कसं आहे ते बघा. खेड्यावरून आलेली आजी टॅग वाचतच नाही. ती कापड बोटांत चोळते आणि विचारते, "हाई कितलाले शे? आखो काही लागी का?" (हे कितीला आहे? आणखी काही लागेल का?) तिच्या हिशेबात भाव म्हणजे कमरेच्या पिशवीतून जेवढे निघणार तेवढे.

धुळ्यातल्या एका दुकानात मी स्वतः बसलो होतो, नाव नको. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा लगीनसराईचा दिवस. एका घरची पंधरा-सोळा माणसं बस्ता बांधायला आलेली, गादीवर साड्यांचा ढीग, मुलाचे मामा भिंतीला टेकून घासाघीस करतायत. दोन तास झाले. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी मामा आणि मालक ४६,३०० वर आले, हातावर हात पडला. मग काउंटरवरच्या पोराने बिल काढलं: ४६,३००, त्यावर ५ टक्के २,३१५, एकूण ४८,६१५. मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. "शेचाळीस हजारनी बोली झायी, मंग हाई वरतून काय?" मालक म्हणाला, सरकारी आहे, आमच्या हातात नाही. मामा उठले. बाया उठल्या. नवरीच्या साडीची घडी उघडीच राहिली.

मालकाने त्यांना दारातून परत आणलं आणि ४६,३०० मध्येच मिटवलं. म्हणजे कर त्याच्याच पदरातून गेला. दोन तासांची बोली करताना त्याच्या मनात ४६,३०० हे करापूर्वीचे होते, मामांच्या मनात शेवटचे. खोटं कोणीच बोलत नव्हतं. जिथे भाव बोलून ठरतो तिथे बोललेला आकडा हाच सौदा असतो. कॅलिफोर्नियात घासाघीस नव्हती, कर बिलात लागणार हे प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. आपल्याकडे तो काउंटरवर दिसला की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि तो पुढच्या लग्नाला दुसऱ्या दुकानात जातो.

त्या दिवशी अजून एक चूक झाली, ती मी नंतर पकडली. मालकाने २,३१५ सूट दाखवून बिल दुरुस्त केलं, पण कर मात्र २,३१५ च भरायला घेतला. ४६,३०० करासहित ठरले तर त्यातला कर ४६,३०० गुणिले ५ भागिले १०५, म्हणजे २,२०४ रुपये ७६ पैसे. जीएसटीच्या नियम ३५ मध्ये हेच सूत्र आहे: करासहित रक्कम गुणिले दर, भागिले शंभर अधिक दर. शंभराने भागलं की जास्त भरता. वर्षाला करासहित ४२ लाखांची विक्री असेल तर योग्य कर दोन लाख, चुकीच्या पद्धतीने दोन लाख दहा हजार. माझ्याकडे येणाऱ्या दहा नव्या वह्यांपैकी दोन-तीनांत तरी ही चूक असतेच. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दर करासहित धरायची सोय असते, ती एकदा चालू करा आणि विसरा. टॅगवर ९९९ लिहिलं तर ते स्वतःच ९५१ रुपये ४३ पैसे मूळ आणि ४७ रुपये ५७ पैसे कर असं फोडून देतं. पोराच्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नका.

आता तो अडीच हजारांचा विषय. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्याचा नग २,५०० पर्यंतचा असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के. त्याआधी हीच रेघ हजारावर होती आणि दर ५ व १२ होते. हे २,५०० म्हणजे करापूर्वीची विक्री किंमत, टॅगवरची नव्हे, एमआरपी तर नव्हेच. (साडी याच्यातून सुटली, ती शिवलेला कपडा नाही, कापड आहे. किंमत कितीही असो, ५ टक्के. वरच्या बस्त्यात म्हणूनच सरसकट ५ लागले.)

तर करासहित टॅग लावताना काय होतं बघा. २,५०० वर ५ टक्के धरले की २,६२५. तिथपर्यंत बिनधास्त. २,५०० च्या एक रुपया पुढे गेलात की १८ टक्के, म्हणजे २,५०१ चे होतात २,९५१ आणि वर काही पैसे. मग टॅगवर २,७९९ लिहिलं तर? ५ टक्क्यांनी फोडा, मूळ किंमत येते २,६६५ च्या वर, म्हणजे दर १८ हवा. १८ ने फोडा, मूळ येते २,३७२, म्हणजे दर ५ हवा. दोन्हीकडून दार बंद. २,६२५ च्या पुढे आणि २,९५० पर्यंत कुठलाही करासहित आकडा बरोबर बसतच नाही. आणि आपले व्यापारी कोणते आकडे आवडीने लावतात? २,६९९, २,७९९, २,८९९. नेमके तेच.

याच पट्ट्यात सूट देऊन माणसं नकळत येऊन पडतात. शेरवानीचा टॅग ३,५४० चा, म्हणजे ३,००० अधिक ५४०. वीस टक्के सूट दिली, २,८३२ झाले. तुमच्या पोराने जुन्या सवयीने १८ टक्क्यांनी फोडलं: २,४०० आणि ४३२ कर. पण २,४०० वर १८ लागतच नाही, ५ लागतात. गिऱ्हाइकाने बिल वाचलं तर त्याचं म्हणणं बरोबर, त्याचे ३१२ रुपये जास्त घेतले. ५ ने फोडलं तर मूळ २,६९७ होतात आणि उद्या तपासणीत अधिकारी विचारील की १८ का नाही लावले. मार्ग एकच: सूट मूळ किमतीवर मोजा. ३,००० चे २,४००, त्यावर ५ टक्के १२०, गिऱ्हाइकाने द्यायचे २,५२०. सूट बिलावरच दाखवली की ती मूळ किमतीतून वजा धरायला कायद्याची हरकत नाही. सेलच्या पाटीवर '२० टक्के' लिहा किंवा सरळ २,५२० लिहा. मी दुसरं करीन, वीस टक्क्यांपेक्षा ते जास्त स्वस्त दिसतं आणि तसं ते आहेही.

जिथे सूट नाही तिथे त्या पट्ट्यातला माल एक तर २,६२५ वर खाली आणा, नाही तर सरळ २,९५१ च्या वर न्या. खाली आणणं बहुतेक वेळा फायद्याचं. २,६२५ ला विकलं तर तुमच्या हाती २,५०० येतात. २,९५१ ला विकलं तर गिऱ्हाइकाचे सव्वातीनशे जास्त गेले आणि तुमच्या हाती फक्त एक रुपया जास्त आला. तेव्हा या आठवड्यात दोन तास काढा, रॅकवरचा २,६२५ ते २,९५० मधला प्रत्येक नग बाहेर काढा. मुलगा शिकलेला आहे, हे काम त्याला द्या. त्याला आवडेलही.

करासहित टॅगचा एक तोटा आहे, तो लपवत नाही. दर उतरला की गिऱ्हाइकाला तो उतरलेला दिसत नाही, आणि दुकानदाराच्या मनात पाप यायला जागा राहते. १,५०० चा कुर्ता १२ टक्क्यांनी १,६८० ला जात होता, तो २२ सप्टेंबरनंतर १,५७५ ला जायला हवा. कितीतरी दुकानांत टॅग १,६८० चाच राहिला आणि १०५ रुपये गल्ल्यात गेले. दिवाळीत लोक पेपरात वाचून आले होते, त्यांनी विचारलं, आणि तिथे बऱ्याच जणांची जीभ अडखळली. यावर उपाय बिल आहे. नोंदणी असलेल्याने बिलात कराची रक्कम वेगळी आणि स्पष्ट दाखवायचीच असते, आपल्याकडे अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. टॅगवर एकच आकडा, फोड बिलावर. शाळेसाठी गणवेश घेणारा किंवा जीएसटी नंबर असलेला कोणी आला तर त्याला हवी ती फोड तिथे मिळते.

वेगळा कर सांगणं जिथे रास्त आहे तेही सांगतो. सुरतेचा व्यापारी तुम्हाला भाव देतो तो नेहमी 'प्लस जीएसटी', कारण तुम्ही तो कर वजा मिळवणार आहात. दोन व्यापाऱ्यांत तीच भाषा योग्य. जळगावच्या सराफ बाजारात फळ्यावरचा सोन्याचा भाव हा धातूचा भाव असतो, दागिन्याची किंमत नव्हे. त्यावर मजुरी, त्यावर ३ टक्के. तिथेही गिऱ्हाईक "जीएसटी धरून कितीला पडंल?" हाच प्रश्न विचारतं, आणि पेपरवाले सोन्याच्या बातमीत 'जीएसटीसह' आकडा देतात तो उगाच नाही. शेवभाजीच्या हॉटेलात मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात कर वेगळा लिहिलेला असतो. ते चालतं, पण वरच्या ओळीत ठळक लिहिलेलं बरं.

कंपोझिशनवाल्याला, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत असलेल्याला, मात्र यातलं काहीच लागू नाही. त्याने गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचाच नसतो, व्यापारी असेल तर विक्रीवर १ टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा, बिलाच्या माथ्यावर कर वसूल करायला पात्र नसल्याचं छापायचं आणि दुकानाच्या पाटीवर कंपोझिशन लिहायचं. नोंदणीच नसलेल्याने कर लावला तर तो सरळ गुन्ह्यात बसतो. मालाच्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, म्हणून गावागावांत असे लोक खूप आहेत, आणि त्यातले काही शेजारच्या दुकानाचं बघून बिलात जीएसटीची ओळ छापून मोकळे होतात. तुमच्या गल्लीत कोणी असेल तर कानात सांगा.

जुन्या टॅगांचं काय करायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कंपनीच्या एमआरपीला हात लावू नका. ती खोडायची नाही, तिच्यावर पट्टी चिकटवायची नाही. १,७९९ छापलेले तसेच दिसू द्या, त्याच्या खाली तुमची पट्टी लावा: १,५७५, सर्व करांसहित. पेनाने लिहिलेलं चालेल, पण ठसठशीत लिहा, आजीबरोबर आलेल्या नातीला वाचता यायला हवं.